उन्हाळ्यात उष्णतेचे प्रयोग करताना आधीची तयारी

प्रयोग रविवारी सकाळी सातला, पण तयारी शनिवारी रात्रीच उरका. मे महिन्यात सोलापुरात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो आणि आपल्याला मोजायचा आहे रासायनिक अभिक्रियेमुळे पडणारा जेमतेम सहा-सात अंशांचा फरक.

सगळ्यात आधी पाणी. आपल्याकडे नळ रोज येत नाही, म्हणून एक जण माठातलं घेतो, दुसरा गच्चीवरच्या टाकीतलं. मग तापमान अभिक्रियेमुळे बदललं की पाण्यामुळे, ते कळायला मार्गच राहत नाही. पाणी, आम्ल, आम्लारी, कप, तापमापक, सगळं रात्रभर एकाच टेबलावर राहू द्या. सकाळी प्रत्येकाचं तापमान घ्या. अर्ध्या अंशाचाही फरक दिसला तर थांबा.

थर्माकोलचे कप राज्यात २०१८ पासून बंद आहेत. चहाचे दोन कागदी कप एकात एक घाला, बाहेरून जुन्या सोलापुरी चादरीची पट्टी दोन वेढे गुंडाळा, वर पुठ्ठ्याचं झाकण. त्या जाड सुती विणीत हवा अडकते, उष्णता सहज निसटत नाही. तापमापक प्रयोगशाळेतलाच हवा, ताप बघायचा चालणार नाही. आणि मोजताना पंखा बंद, कितीही घाम आला तरी.

हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कॉस्टिक सोडा दोन्ही १ मोलर (लिटरमागे एक मोल; मोल म्हणजे पदार्थाचे कण मोजायचं एकक), शाळेतून तयार करूनच आणा, घरी विरल करू नका. ५०-५० मिलिलिटर एकत्र केलं की पारा सुमारे साडेसहा अंश चढतो. एक मोल पाणी तयार होताना ५७ किलोज्यूलच्या आसपास उष्णता सुटते, इथे तिचा विसावा हिस्सा.

उलट्या बाजूसाठी, म्हणजे पारा उतरताना बघायला, कल्हईवाल्याचा नवसागर (अमोनियम क्लोराइड): १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम, पारा तितकाच खाली. पण हे नुसतं विरघळणं झालं. खरी उष्माग्राही, म्हणजे उष्णता शोषणारी, अभिक्रिया दाखवायची तर लिंबूसत्त्वाच्या (सायट्रिक आम्लाच्या) द्रावणात खायचा सोडा टाका. फेस येतो आणि कप हाताला गार लागतो. मला हा प्रयोग सगळ्यांत आवडतो.

वहीत रकाने आधीच आखा: मिसळण्याआधी तीन मिनिटं, नंतर पाच, दर अर्ध्या मिनिटाला एक नोंद.

शेवटचा प्रयोग पाणी पडताच तापणाऱ्या कळीच्या चुन्याचा. चुना ताजा, घट्ट झाकणाच्या डब्यात. हवेतला ओलावा लागून भुकटी झालेला तापत नाही. सुपारीएवढा खडा, उघडं स्टीलचं ताट, डोळ्यांना संरक्षक चष्मा. चमच्याने पाणी सोडा आणि मागे सरका. आधी चुर्र, मग तडा, मग वाफ.