विकायला न काढलेलं घर: मालकापर्यंत पत्राने कसं पोहोचावं

घराची जाहिरात झाली की दहा गिऱ्हाइकं जमतात आणि भाव चढतो. गुंतवणूकदाराला मालक गाठायचा असतो तो जाहिरात होण्याआधी. त्याला घर नकोसं झालंय, पण विकायची खटपट कोण करणार म्हणून तो गप्प बसलाय. जाहिरातींत तो सापडत नाही. टपालाने मात्र त्याच्यापर्यंत जाता येतं.

आधी यादी

नवखा माणूस पत्राच्या मजकुरावर आठवडा घालवतो आणि यादी तासाभरात उरकतो. करायचं नेमकं उलटं. चुकीच्या माणसाला गेलेलं सुंदर पत्र रद्दीतच जातं.

विकायची निकड कुठून येते ते बघा. मालक एका शहरात, घर दुसऱ्या शहरात आणि भाडेकरूंची रोजची कटकट. वारसाहक्काने आलेलं घर, जिथे भावंडांपैकी कुणालाच राहायचं नाही. थकलेला मालमत्ता कर, तुंबलेले कर्जाचे हप्ते, घटस्फोट. यांतल्या बऱ्याच गोष्टींच्या नोंदी अनेक ठिकाणी सरकारदफ्तरी बघता येतात. कराचं बिल ज्या पत्त्यावर जातं तो मिळकतीच्या पत्त्याहून वेगळा असेल, तर मालक बहुधा तिथे राहत नाही. बंद पडलेली घरं शोधायला मात्र पायीच हिंडावं लागतं: गुडघाभर गवत, दाराशी साचलेलं टपाल, फुटून तशीच राहिलेली काच.

अशा प्रत्येक कारणाची वेगळी यादी करा. एकच नाव दोन याद्यांत आलं, म्हणजे मालक लांब राहतो आणि करही थकलाय, तर ते वर घ्या. मालकी किती जुनी आहे तेही बघा. जुन्या मालकाचं कर्ज बहुधा बरंचसं फिटलेलं असतं. घराच्या किमतीइतकंच कर्ज अजून डोक्यावर असेल, तर मालकाने कितीही मनात आणलं तरी त्याला भाव उतरवता येत नाही. अशा पत्त्यांवर तिकिटं वाया घालवू नका.

मग पत्र

पोस्टकार्ड स्वस्त पडतं आणि उघडावं लागत नाही. पण ते घरातलं कुणीही वाचतं. थकबाकी, मृत्यू, घटस्फोट अशा याद्यांसाठी म्हणून बंद पाकीटच वापरा, आणि पत्ता हाताने लिहा. छापील पत्त्याचं पाकीट जाहिरात समजून बाजूला पडतं.

मजकूर चार-पाच ओळींचा पुरे:

“नमस्कार. या पत्त्यावरचं तुमचं घर विकत घ्यायची माझी इच्छा आहे. आहे त्या स्थितीत घेईन, तुम्हाला डागडुजी करावी लागणार नाही. विचार असेल तर खालच्या नंबरवर फोन करा. नसेल, तर तसदीबद्दल क्षमस्व.”

खाली नाव आणि सही. रक्कम लिहू नका. घर न बघता सांगितलेला आकडा पुढे तुमच्याच गळ्यात पडतो. “तुमचा कर थकल्याचं कळलं” असलं काही तर मुळीच नको. आपली नड परक्याच्या तोंडून ऐकायला कुणाला आवडतं? “अंतिम सूचना” छापून सरकारी नोटिशीचा आव आणणारेही भेटतात. तो फसवणुकीचा प्रकार आहे.

पुन्हा पाठवा

बहुतेकजण इथेच हात टेकतात. एकदा पाठवलं, फोन आला नाही, सोडून दिलं. 3,000 पत्रांइतके पैसे असतील तर 3,000 जणांना एकेकदा लिहिण्यापेक्षा 500 जणांना सहा वेळा लिहा, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने. कारण बदलते ती मालकाची परिस्थिती. पहिलं पत्र आलं तेव्हा भाडेकरू वेळेवर पैसे देत होता; चौथं आलं तेव्हा तो घराची दुर्दशा करून गेलेला असतो. त्या दिवशी समोर तुमचं पत्र हवं.

पत्ता चुकून परत आलेली पाकिटं टाकू नका. तो मालक तुमच्या स्पर्धकांनाही सापडलेला नसतो. त्याचा नवा पत्ता शोधण्यात घालवलेली संध्याकाळ बरेचदा वसूल होते.

फोन आला की

स्वतः उचला. आवाज रेकॉर्ड करायला सांगणारं यंत्र ऐकलं की बरेचजण ठेवून देतात. मग विचारा: घर का विकायचंय, कधीपर्यंत, अवस्था कशी आहे, कर्ज किती उरलंय, मनात काय आकडा आहे. आणि ऐका. अडला हरी म्हणून त्याच्याकडून गाढवाचे पाय धरून घ्यायचा विचार असेल, तर तो सौदा सहीच्या आदल्या दिवशी फिसकटतो, कारण तोवर मालकाच्या मेहुण्याने भाव काढलेला असतो. चिडून “परत लिहू नका” म्हणणाऱ्याचं नाव त्याच दिवशी यादीतून काढा.

प्रत्येक यादीला वेगळा फोन नंबर द्या, म्हणजे कुठली यादी चालते ते कळतं. फोन किती आले यापेक्षा एका सौद्यामागे एकूण किती खर्च झाला ते मोजा. काही ठिकाणी हप्ते थकलेल्या मालकांकडून घर घेण्यावर वेगळे कायदे आहेत, तर काही ठिकाणी मालकाशी ठरवलेला सौदा स्वतः पुरा न करता दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊन मधला नफा घ्यायला परवाना लागतो; पहिलं पाकीट टाकण्याआधी वकिलाला विचारा.

“आत्ता नाही, वर्षभराने बघू” म्हणणारे बरेच भेटतील. त्यांची वेगळी वही करा, तारीख घाला आणि त्या महिन्यात तुम्हीच फोन करा.