चेन किट बदलताना आणि ल्यूब करताना या चुका टाळा

टूरवर मोटरसायकलची चेन तुटली की दोष चेन बनवणाऱ्याला दिला जातो. पण बिघाडाचं मूळ पुष्कळदा निघायच्या आठ दिवस आधी गॅरेजमध्येच असतं: कुणीतरी चेन ‘मस्त टाइट’ करून दिलेली असते.

चेन टाइट ठेवणं

गाडी रिकामी उभी असताना चेनला जो प्ले (वर-खाली हलण्याइतका ढिलेपणा) दिसतो, तो मुद्दाम ठेवलेला असतो. पुढचं स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक), स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्हट आणि मागचा ॲक्सल या तिघांची केंद्रं एका रेषेत आली की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. मागचं सस्पेन्शन दबलं की ती रेषेत येतात. मागे बसलेला माणूस, दोन सॅडलबॅग, टॉप बॉक्स आणि आंबोली घाटातला एखादा खोल खड्डा एवढं पुरतं. स्टँडवर छान वाटणारी चेन तिथे तारेसारखी होते. तो ताण पुढच्या स्प्रॉकेटमागच्या शाफ्टच्या बेअरिंगवर आणि ऑइल सीलवर येतो. स्प्रॉकेट कव्हरखालून ऑइल ठिबकायला लागलं तर नुसतं सील बदलून थांबू नका, चेनचा प्लेही मोजा.

प्ले किती हवा ते स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. बऱ्याच रोडच्या गाड्यांना २५ ते ३५ मिमी लागतो, लांब सस्पेन्शनच्या ॲडव्हेंचर गाड्यांना जास्त. खालच्या बाजूला, दोन स्प्रॉकेटच्या मधोमध पट्टी उभी धरा आणि चेन बोटाने वर-खाली ढकलून मोजा. चाक फिरवत चार-पाच जागी मोजायचं, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. प्ले ठरवायचा तो सगळ्यात टाइट जागेवर. मग सामान लादून दोघं बसा आणि तिसऱ्याला चेन हलवून बघायला सांगा. ती अजिबात हलत नसेल तर ढिली करा. दोन-तीन मिमी जास्त प्ले चालून जातो, कमी चालत नाही.

कड्या काढून चेन ‘वाचवणं’

चेन ताणायचा ॲडजस्टर मागे सरकवायला जागा उरली नाही की ‘कड्या काढून देतो, अजून पाच हजार किमी चालेल’ असं सांगितलं जातं. नको म्हणा. चेन लांब होते म्हणजे तिच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पिन आणि तिच्याभोवतीचं बुश झिजून प्रत्येक सांध्यात जरा जरा फट पडते. आतली-बाहेरची मिळून दोन कड्या काढल्या तरी उरलेल्या शंभरेक कड्यांची झीज तशीच राहते, आणि अशी चेन दातांच्या टोकांवर चढू लागते.

झीज मोजायला स्टीलची पट्टी पुरते. चेन ताणून धरा, २१ पिना मोजा आणि पहिल्या पिनच्या मध्यापासून एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या. ५२०, ५२५ आणि ५३० साइजच्या चेनला नवेपणी ते ३१७.५ मिमी असतं, ४२८ चेनला २५४ मिमी. एक टक्का वाढ म्हणजे अनुक्रमे ३२०.७ आणि २५६.५ मिमी. गाडीगणिक मर्यादा थोडी वेगळी असते, पण लांबच्या टूरआधी आम्ही एक टक्क्यावरच चेन बदलायला सांगू. पट्टी नसेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन धरून ओढा. अर्धा दात उघडा दिसला तर चेन संपली.

फक्त चेन बदलणं

हुकासारख्या वाकलेल्या दातांवर नवी चेन घातली तर ती लवकर खराब होते. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, म्हणजे पूर्ण चेन किट, एकदमच बदला. चाक काढलंच आहे तर हबमधले कुश रबर (झटके शोषणारे रबरी तुकडे) आणि स्प्रॉकेट कॅरिअरचा बेअरिंगही बघा. रबर दबलेले असतील तर थ्रॉटलचा प्रत्येक झटका थेट नव्या चेनवर येतो.

बसवताना

पुढच्या स्प्रॉकेटचा नट चेन काढायच्या आधी ढिला करा: गाडी जमिनीवर, गिअरमध्ये, मागचा ब्रेक दाबलेला. आधी लॉक वॉशरची वाकवलेली कड सरळ करायची, आणि बसवताना वॉशर नवा टाकायचा.

चेन लॉकच्या (चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीच्या) चारही ओ-रिंग (रबरी सील) सोबत आलेलं ग्रीस लावून घाला. लॉक क्लिपचं असेल तर क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवं. उलट बसवली तर उघडं टोक कशाला तरी अडकून क्लिप उडू शकते. रिव्हेटचं लॉक असेल तर हातोडी नको, रिव्हेट टूलच वापरा. बाहेरची पट्टी जास्त दाबली गेली की ओ-रिंग चेपते आणि ती कडी आखडते.

ॲक्सल नट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा आणि प्ले पुन्हा मोजा, नट आवळताना तो बदलतो. स्प्लिट पिन असेल तर नवीच घाला. नवी चेन सुरुवातीला थोडी बसते, म्हणून पहिल्या ३०० ते ५०० किमीनंतर परत मोजायची.

साफसफाई आणि ल्यूब

ओ-रिंग चेनच्या पिनांमध्ये कारखान्यातच ग्रीस भरून सील केलेलं असतं. पेट्रोल, तारेचा ब्रश किंवा जवळून मारलेला प्रेशर वॉशर हे सील बिघडवतात, आणि आतलं ग्रीस गेलं की ते बाहेरून भरता येत नाही. रॉकेल किंवा चेन क्लीनर, मऊ ब्रश आणि कोरडं फडकं एवढं पुरतं.

इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून फिरणाऱ्या चेनला फडकं लावू नका. फडकं ओढलं जातं आणि त्याच्यासोबत बोटं स्प्रॉकेटमध्ये जातात. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद, चाक हाताने फिरवायचं.

इंजिनमधून काढलेलं जळकं ऑइल लावू नका, त्यात धातूचा बारीक कीस असतो. जाड ग्रीसही नको. कोकणातली तांबडी माती त्यात बसली की त्याची पॉलिश पेपरसारखी लुगदी होते. दिवसाची राइड संपल्यावर, चेन कोमट असताना, खालच्या पदराच्या आतल्या बाजूने पट्ट्यांच्या सांध्यांवर चेन ल्यूब किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल पातळ लावा. चाकाचे फेरे चेन पूर्ण फिरेपर्यंत. अर्ध्या तासाने वरचं पुसून टाका, नाहीतर रिमवर आणि टायरवर उडतं. कोरड्या रस्त्यावर दर ५०० किमीला ल्यूब पुरतं, पावसात मात्र रोज संध्याकाळी लावा.

ल्यूब करूनही टक-टक येत असेल तर चाक सावकाश फिरवून मागच्या स्प्रॉकेटवरून सुटणारी प्रत्येक कडी बघा. एखादी सरळ न होता वाकलेलीच राहिली तर ती आखडलेली आहे. रॉकेल आणि ल्यूबनेही ती मोकळी झाली नाही, तर त्या चेनवर टूरला निघू नका.