ॲपाची कॅमलमध्ये स्विफ्टचे संदेश कसे जोडावेत

गोव्यात परदेशातून पैसे येण्याच्या वाटा बऱ्याच आहेत: तारवटींचे म्हणजे जहाजांवरच्या खलाशांचे पगार, वेर्ण्याच्या कारखान्यांची निर्यात, हॉटेलांची आगाऊ रक्कम. या रकमांची माहिती बँकांमध्ये स्विफ्ट या जागतिक जाळ्याच्या ठरावीक साच्यातल्या संदेशांतून जाते. बँक त्या संदेशांची फाईल एसएफटीपीवर, म्हणजे सुरक्षित फाईल-सर्व्हरवर, ठेवते, आणि ती लेखाप्रणालीत आपोआप उतरावी अशी मागणी पणजी-पर्वरीच्या सॉफ्टवेअरवाल्यांकडे येते. खालची रीत ॲपाची कॅमलसाठी, म्हणजे वेगवेगळ्या प्रणालींमध्ये संदेशांची ने-आण करणाऱ्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरसाठी आहे. दुसरं मुक्तस्रोत इंटिग्रेशन सॉफ्टवेअर असेल तर नावं बदलतील, खड्डे तेच राहतील.

पार्सर (संदेश वाचून सुटा करणारा कोड) स्वतः लिहू नका

एमटी, म्हणजे स्विफ्टचा जुना मजकुरी संदेश, दिसायला साधा असतो: पाच ब्लॉक, महिरपी कंस, कोलनमधले टॅग. रेग्युलर एक्स्प्रेशनने पहिला नमुना दुपारपर्यंत वाचून होतो आणि तिथेच घात होतो. खातेउताऱ्याच्या एमटी ९४० मध्ये ६१ आणि ८६ हे टॅग पुन्हापुन्हा येतात. तिसऱ्या ब्लॉकमध्ये कंसात कंस असतात. हे सगळं सांभाळणारी जावा लायब्ररी आहे, प्रोवाइड कोर, आणि तिचा परवाना ॲपाची २.० आहे. एक्सएमएलमधल्या एमएक्स, म्हणजे आयएसओ २००२२ या नव्या मानकाच्या, संदेशांसाठी तिचीच बहीण प्रोवाइड आयएसओ २००२२ वापरायची.

कॅमलच्या ३.२० आवृत्तीपासून याच दोन लायब्ररींवर उभे असलेले स्विफ्ट एमटी आणि स्विफ्ट एमएक्स असे दोन डेटा फॉरमॅट मिळतात. मेव्हनमध्ये कॅमल-स्विफ्ट जोडा, आवृत्ती कॅमलच्या गाभ्याची तीच ठेवा. कॅमल ४ असेल तर जावा १७ लागेल. प्रोवाइडची आवृत्ती वेगळी लिहायचा मोह टाळा. स्विफ्टचे नियम दर नोव्हेंबरला बदलतात आणि प्रोवाइडच्या आवृत्तीच्या नावातच ते वर्ष असतं. कोर एका वर्षाची आणि आयएसओ २००२२ दुसऱ्या वर्षाची झाली, तर बिल्ड सुरळीत होतो आणि चालू प्रणाली मध्येच ‘मेथड सापडत नाही’ म्हणून पडते.

कॅमलमध्ये नसलेला एखादा संदेशप्रकार जोडायचा असेल, तर आधी ठरवा: डेटा फॉरमॅट (मजकुराचं रूपांतर करणारा) की कंपोनंट (बाहेरच्या प्रणालीशी जोडणारा)? स्विफ्टचा संदेश फाईलने आला काय किंवा रांगेतून आला काय, मजकूर तोच. म्हणून तो डेटा फॉरमॅट. शेअरबाजाराच्या व्यवहारांसाठीच्या फिक्स प्रोटोकॉलला मात्र सेशन, अनुक्रमांक आणि हार्टबीट लागतात, म्हणून क्विकफिक्स हा कंपोनंट आहे. डेटा फॉरमॅटमध्ये मार्शल (ऑब्जेक्टचा मजकूर करणारी) आणि अनमार्शल (मजकुराचा ऑब्जेक्ट करणारी) एवढ्या दोनच मेथड लिहायच्या असतात. बिल्डमध्ये तयार होणाऱ्या कॅटलॉगच्या फाईलीही कमिट करा. त्या राहून गेल्या की इतरांच्या तपासणीत बिल्ड अडतो.

रूट

रूट म्हणजे कॅमलमध्ये संदेशाला आखून दिलेली वाट. एसएफटीपीवरून फाईल उचलताना रीडलॉक ‘चेंज्ड’ ठेवा, नाहीतर बँकेकडून अर्धी लिहून झालेली फाईल वाचली जाईल. मूळ बाइट जसेच्या तसे एका फोल्डरमध्ये जपून ठेवा आणि मगच अनमार्शल करा. बँकेशी वाद झाला तर कामाला येते ती मूळ प्रत.

एका फाईलमध्ये अनेक संदेश असतील तर ती बहुधा आरजेई पद्धतीची असते आणि दोन संदेशांमध्ये डॉलरचं चिन्ह असतं. आधी तुकडे करा, मग एकेक वाचा. फाईल न तोडता पार्सरला दिली तर पहिलाच संदेश हाती लागतो आणि बाकीचे मुकाट गळतात. लॉगमध्ये चूक दिसत नाही, म्हणून हे फार उशिरा कळतं.

पोचपावतीचंही तसंच. पाठवलेल्या संदेशाची पावती येते तेव्हा एफ२१ हेडरचा छोटा संदेश पुढे आणि मूळ संदेशाची प्रत मागे अशी जोडी असू शकते. पार्सर पुढच्यालाच संदेश समजतो; मूळ प्रत ‘न वाचलेला मजकूर’ म्हणून बाजूला पडते आणि तिथून ती पुन्हा पार्स करावी लागते. पावतीतला टॅग ४५१ पाहा: ० म्हणजे स्वीकारला, १ म्हणजे नाकारला. नाकारण्याचं कारण ४०५ मध्ये.

कुठे बिघडतं

ओळीचा शेवट. एमटीमध्ये कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड दोन्ही हवेत. गिट नमुना फाईलींमधला कॅरेज रिटर्न खाऊन टाकू शकतो. मग विंडोजवर पास होणारी चाचणी लिनक्सवर नापास होते. गिटॲट्रिब्यूट्समध्ये या फाईलींना मजकूर समजू नये असं नोंदवा.

रक्कम. टॅग ३२ए मध्ये तारीख, चलन आणि रक्कम सलग असतात आणि दशांशाला स्वल्पविराम लागतो. येनसारख्या चलनात दशांश नसले तरी शेवटचा स्वल्पविराम सुटत नाही. बिगडेसिमल वापरा. डबलमध्ये पैसे ठेवू नयेत हे सगळ्यांना माहीत असतं, तरी कोडमध्ये ते सापडतंच.

नावं. आपल्याकडे हा प्रश्न विशेष. पासपोर्टवर किंवा पोर्तुगालच्या बँकेत कॉन्सेसांव, गोन्साल्विस अशी नावं शेपटीच्या ‘सी’ने किंवा अनुनासिकाच्या लाटेने लिहिलेली असतात. एमटीच्या अक्षरसंचात साधी रोमन अक्षरं, अंक आणि मोजकीच चिन्हं बसतात. संदेश पाठवण्याआधी युनिकोड विघटन करून खुणा काढा. प्रश्नचिन्ह टाकून मोकळे होऊ नका, कारण नाव जुळलं नाही की लाभार्थी बँक रक्कम अडवते.

पत्ता. लाभार्थीच्या टॅग ५९ मध्ये नाव-पत्त्याला ३५ अक्षरांच्या चार ओळी मिळतात. वाड्याचं नाव, घर क्रमांक, चॅपेलजवळची खूण असा आपला लांब पत्ता यंत्राने ३५ वर तोडला की नवी ओळ कधी हायफनने तर कधी कोलनने सुरू होते. चौथ्या ब्लॉकमध्ये ओळीच्या सुरुवातीला ही दोन्ही चिन्हं चालत नाहीत, कारण तिथे हायफन म्हणजे ब्लॉकचा शेवट आणि कोलन म्हणजे नवा टॅग. पहिल्याच ओळीचा आरंभ तिरप्या रेघेने झाला तर ती ओळ खाते क्रमांक मानली जाते. तेव्हा शब्दाच्या सीमेवर तोडा आणि प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर तपासा.

एमएक्सकडे वळताना

सीमापार पेमेंट सूचनांसाठी एमटी आणि एमएक्स सोबत चालण्याचा काळ २२ नोव्हेंबर २०२५ रोजी संपला. ग्राहकाच्या पेमेंटच्या एमटी १०३ च्या जागी पॅक्स ००८, बँक-ते-बँक पेमेंटच्या एमटी २०२ च्या जागी पॅक्स ००९. पतपत्राचा एमटी ७०० अजून आहे, म्हणून रूटमध्ये दोन्ही वाटा ठेवा.

भारतात आयबॅन (आंतरराष्ट्रीय साच्यातला खाते क्रमांक) नाही. खाते क्रमांक आयबॅनच्या घटकात न येता ‘अदर’ या घटकात येतो. युरोपातल्या उदाहरणांवरून उचललेला कोड इथे नल पॉइंटरने पडतो. वेळेला +०५:३० असा फरक जोडावाच लागतो. कंटेनरचं घड्याळ यूटीसीवर असेल तर रात्री साडेबारा वाजता पाठवलेल्या संदेशावर आदल्या दिवसाची तारीख चढते. पत्त्यात गाव आणि देश वेगळ्या घटकांत भरा. मडगाव हे गावाच्या घटकातच हवं, मोकळ्या ओळीत नको.

दुहेरी नोंद टाळायला कॅमलचा आयडेम्पोटंट कन्झ्युमर घ्या, पण भांडार मेमरीत न ठेवता डेटाबेसमध्ये ठेवा. किल्ली नुसत्या यूईटीआरची (पेमेंटच्या एकमेव ओळख-क्रमांकाची) करू नका: मूळ पेमेंट आणि त्याचं कव्हर पेमेंट (त्याची रक्कम बँकांमध्ये पोचवणारं) यांचा यूईटीआर एकच असतो, आणि दुसरा संदेश ‘आधीच आलेला’ म्हणून फेकला जाईल. पाठवणाऱ्याचा बीआयसी (बँकेचा ओळख-कोड), संदेशप्रकार आणि यूईटीआर मिळून किल्ली करा.

प्रोवाइडच्या मुक्तस्रोत भागाने संदेश वाचला म्हणजे तो नियमांत बसतो असं नाही. ती लायब्ररी उदार मनाने वाचते. संदर्भ क्रमांक १६ अक्षरांत आहे का, त्याच्या टोकांना तिरपी रेघ नाही ना, ही तपासणी तुमची. एमएक्ससाठी आयएसओचा मूळ स्कीमा रेपॉझिटरीत ठेवता येतो. स्विफ्टच्या वापर-नियमावल्यांचा परवाना वेगळा आहे, त्या फाईली आत टाकू नका. चाचणीसाठी ग्राहकाचा खरा संदेश नाव बदलूनही वापरू नका. आठवं अक्षर शून्य असलेला बीआयसी चाचणीचाच असतो, तो घ्या.