आकाशाच्या फोटोंसाठी नवा रिफ्रॅक्टर (भिंगांची दुर्बीण) घेताय? या चुका टाळा

अ‍ॅक्रोमॅट (साध्या दोन भिंगांच्या) दुर्बिणीतली ताऱ्यांभोवतीची जांभळी झालर खुपायला लागली की बहुतेकांचा एकच प्रश्न असतो: आता किती मोठी घेऊ? आधी माउंट (दुर्बीण पेलून ताऱ्यांमागे फिरवणारा आधार) कोणता आहे ते सांगा, मग बोलू.

भुसावळच्या एकाने 80 मिमी एफ/5 (फोकल लांबी व्यासाच्या पाचपट, म्हणजे 400 मिमी) विकून 102 मिमी एफ/7 ट्रिप्लेट (तीन भिंगांची दुर्बीण) घेतली. माउंट जुनाच, छोटा इक्वेटोरिअल (पृथ्वीच्या अक्षाला समांतर फिरणारा), ऑटोगायडर (माउंटची चूक आपोआप सुधारायला लावणारा छोटा कॅमेरा) नाही. पाटणादेवीला मृगातल्या तेजोमेघावर तीन-तीन मिनिटांचे फोटो काढले, तर एकूण एक तारा लांबट. आधी लेन्सवर शंका, मग माउंटचा अक्ष ध्रुवाकडे जुळवण्यावर. खरं कारण साधं होतं. कॅमेऱ्याचा पिक्सेल 3.72 मायक्रॉनचा. 206 ला पिक्सेलने गुणा आणि फोकल लांबीने भागा: 400 मिमीला एका पिक्सेलवर साधारण 1.9 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) येतात, 714 मिमीला 1.07. म्हणजे माउंटची जी दोन विकलांची चूक आधी एका पिक्सेलात खपायची, ती आता दोन पिक्सेल खाते. वर नळी, रिंगा आणि कॅमेरा मिळून सात किलोंच्या पुढे, आणि माउंटची मर्यादा पाच. त्याच माउंटवर 72 मिमी एफ/6 ईडी (रंगीत झालर कमी करणाऱ्या खास काचेची) चढवली, एक्स्पोजर मिनिटावर आणलं, आणि तारे गोल आले. फोटोग्राफीला माउंटच्या छापील वजनमर्यादेचा निम्माच भाग धरायचा. हा हिशेब करायचा कंटाळा असेल तर निदान दुर्बीण तरी लहान घ्या.

फ्लॅटनर (कोपऱ्यांपर्यंत तारे नेमके दिसावेत म्हणून कॅमेऱ्यापुढे लावायचं भिंग) 'नंतर बघू' म्हणून टाळू नका. ट्रिप्लेट असली तरी तिचं क्षेत्र सपाट नसतं. बहुतेक फ्लॅटनरना मागच्या आट्यापासून सेन्सरपर्यंत 55 मिमी लागतात. कॅननच्या जुन्या डीएसएलआरचे 44 आणि टी-रिंगचे (कॅमेरा दुर्बिणीला जोडणाऱ्या कड्याचे) 11, हिशेब आपोआप जुळतो. मिररलेसमध्ये तो बिघडतो: सोनीच्या ई माउंटला (कॅमेऱ्यावर लेन्स बसते त्या कड्याला) 18 मिमीच मिळतात, उरलेले 37 अ‍ॅडॉप्टरने भरायचे. मध्ये 2 मिमी जाडीचा फिल्टर आला की अंतर सुमारे 0.7 मिमीने वाढवा. कोपऱ्यातले तारे केंद्रापासून बाहेर ओढल्यासारखे दिसले तर सहसा अंतर कमी पडतंय. केंद्राभोवती गोल फिरल्यासारखे दिसले तर जास्त झालंय. अर्ध्या मिलिमीटरच्या वॉशरने एकेक पायरी बदलून बघा. एकच कोपरा बिघडला असेल तर वॉशर वाया घालवू नका, तो फोकसरचा किंवा कॅमेऱ्याचा तिरपेपणा आहे.

नळीवर 'ईडी' छापलंय म्हणजे ट्रिप्लेट नव्हे. एफपीएल-53 हे ईडी काचेचं नाव वाचूनही भाळू नका, जोडीची काच आणि भिंग घासण्याचं कामही तितकंच महत्त्वाचं. विकत घेण्याआधी त्याच दुर्बिणीतून काढलेला, न कापलेला पूर्ण फोटो मागा.

फोकसर हलका नको. कॅमेरा लावून नळी सरळ वर धरा, लॉक सैल करा. ड्रॉट्यूब (फोकसरची आतबाहेर होणारी नळी) आपोआप सरकली तर ती दुर्बीण नकोच.

आपल्याकडे खानदेशात ध्रुव जेमतेम 21 अंशांवर असतो. तो झाडाआड जाईल अशी जागा निवडू नका, आणि रात्र सुरू होण्याआधीच काउंटरवेटची दांडी ट्रायपॉडच्या पायाला अडते का ते फिरवून बघा.

रावेर-यावलकडे केळीच्या बागांजवळ हिवाळ्यात लेन्सवर दव धरतं. 12 व्होल्टची हीटरपट्टी आधीपासूनच लावा, रुमालाने पुसू नका. पारा उतरतो तसा फोकसही सरकतो. दर तासाला बाहतिनोव्ह मास्क (फोकस जुळवायचं खाचांचं झाकण) लावून तपासा. मे महिन्यात साध्या डीएसएलआरचा सेन्सर इतका तापतो की डार्क फ्रेम्स (सेन्सरचा दोष वजा करायला झाकण लावून काढलेले फोटो) त्याच रात्री, त्याच एक्स्पोजरच्या घ्याव्या लागतात. जानेवारीतल्या चालत नाहीत.