‘अमोनिया वाढला’ म्हणून ॲडमिट झालेला पेशंट घरी आल्यावर

सिरॉसिसच्या (लिव्हर व्रणांनी घट्ट होऊन निकामी होत जाण्याच्या आजाराच्या) पेशंटला अमोनिया वाढून एकदा भ्रम होऊन गेला, म्हणजे भान हरपलं, की डिस्चार्जच्या कागदावर दोन औषधं बहुधा असतातच: रिफॅक्सिमिन 550 मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ आणि लॅक्ट्युलोज या पोट साफ करणाऱ्या पातळ औषधाची बाटली. महिना-दोन महिन्यांत गोळी बंद पडते, कारण कुणीतरी म्हणतं, ‘अँटिबायोटिक एवढे दिवस कशाला?’ आणि बाटली बंद पडते, कारण पोट तर साफ होतंय. पुढच्या ॲडमिशनची तयारी बऱ्याचदा इथूनच सुरू होते.

आतड्यातले जंतू प्रथिनांपासून अमोनिया बनवतात. निरोगी लिव्हर त्याचा युरिया करून टाकतं. सिरॉसिसमध्ये लिव्हरचा तेवढा वकूब राहत नाही, शिवाय आतड्याकडून आलेलं बरंच रक्त लिव्हरला वळसा घालून पुढे निघून जातं आणि अमोनिया मेंदूपर्यंत पोचून भ्रम होतो. रिफॅक्सिमिन रक्तात जवळजवळ उतरत नाही, ते आतड्यातच राहून या जंतूंना आवर घालतं. इथे इन्फेक्शन बरं करायचं नसतं, म्हणून ‘कोर्स संपला’ असा दिवसही नसतो. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या 299 पेशंटच्या चाचणीत सहा महिन्यांत पुन्हा भ्रम झाला तो ही गोळी घेणाऱ्यांपैकी 22 टक्के जणांना आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी 46 टक्के जणांना. त्यातले 90 टक्क्यांहून जास्त पेशंट लॅक्ट्युलोजही घेत होते. तेव्हा गोळी आहे म्हणून बाटली कपाटात टाकायची नाही.

गोळी साधारण बारा तासांच्या अंतराने, जेवणाआधी किंवा नंतर कशीही चालते. एखादी राहिली तर आठवेल तेव्हा घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ आलीच असेल तर राहिलेली सोडून द्यावी, दोन एकदम नकोत. महिन्याला 60 गोळ्या लागतात, दहा उरल्या की नवीन आणाव्यात. दुकानात स्ट्रिप हातात घेऊन नाव आणि आकडा वाचा. 200 आणि 400 मिलिग्रॅमच्याही गोळ्या मिळतात, आणि रिफॅम्पिसिन हे नावाने जवळचं असलेलं टीबीचं औषध लिव्हरला त्रास देऊ शकतं. गोळी सुरू असताना ताप, पोटात कळा आणि न थांबणारे पातळ जुलाब झाले तर ते आतड्यातल्या वेगळ्या जंतूमुळेही असू शकतात. जुलाब थांबवायची गोळी परस्पर देऊ नका, डॉक्टरांना कळवा.

खरं कौशल्य लागतं ते लॅक्ट्युलोजला. इथे मिलिलिटर मोजायचे तसे शौचाला किती वेळा झालं तेही मोजायचं. दिवसात दोन ते तीन वेळा मऊ शौच, हे लक्ष्य. साधारणपणे 15 ते 30 मिली दोन-तीनदा सांगितलेलं असतं. डोस कुठपर्यंत कमी-जास्त करायचा ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. संध्याकाळपर्यंत एकदाच झालं असेल तर रात्रीचा डोस वाढवायचा. पाण्यासारखं चार-पाच वेळा झालं तर पुढचा डोस कमी करायचा. ‘जास्त साफ म्हणजे जास्त चांगलं’ हा हिशोब इथे उलटतो: अंगातलं पाणी आणि पोटॅशियम घटलं की त्यानेही भ्रम होतो, त्यात सूज उतरवायच्या लघवीच्या गोळ्या चालू असतील तर लवकरच. चव फारच गोड लागते, पाण्यात किंवा ताकात मिसळलं तर जातं. पहिल्या आठवड्यात पोट गुबारतं, ते हळूहळू कमी होतं.

झोप उलटी होणं ही पहिली खूण: दिवसा डुलक्या, रात्री टक्क जागा. मग विसरभोळेपणा, चिडचिड, सही वाकडी होणं. रोज वहीत तारीख घालून एक सही घ्या, फरक डोळ्यांना दिसतो. हातही बघा. ट्रॅफिक पोलीस गाडी थांबवतो तसे दोन्ही तळवे पुढे, बोटं फाकवून, अर्धा मिनिट. पंजा मध्येच गळतो आणि झटक्याने पुन्हा वर येतो, असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. एका मिनिटात प्राण्यांची नावं सांगायला लावणं हीसुद्धा वापरात असलेली चाचणी आहे; दहाच्या खाली गेलं तर सावध. घरबसल्या दर आठवड्याला अमोनियाची रक्ततपासणी करण्यापेक्षा ही वही जास्त कामाची. भ्रम होऊन गेलेल्याने गाडी चालवायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील. तोवर किल्ली दुसऱ्याकडे.

डाळ, अंडी बंद करण्याची जुनी पद्धत आता सोडून दिलेली आहे. किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला रोज 72 ते 90 ग्रॅम. स्नायूही अमोनिया जिरवतात, ते झडू देऊन कसं चालेल? डाळी, उसळी, दही, पनीर सोसतं. आणि उपास नाही. एकादशी नाही, नवरात्र नाही, चतुर्थी नाही. झोपायच्या आधी दूध-पोहे आणि केळं असं काहीतरी खाल्लंच पाहिजे, रात्रभराचा उपाससुद्धा या लिव्हरला लांबतो. जलोदर (पोटात पाणी साठणं) असेल तर पापड, लोणचं, फरसाण बाजूला. दारूचा एक थेंबही नको.

झोप येत नाही म्हणून अल्प्राझोलामसारखी गोळी, किंवा पाठ दुखते म्हणून डायक्लोफिनॅक, ही घरच्या डब्यातली औषधं घात करतात. ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर ती खरंच लागते का, ते विचारा. काहींना पोटातल्या पाण्याचं इन्फेक्शन होऊन गेल्यामुळे नॉरफ्लॉक्सॅसिन 400 रोज एक, अशी दुसरी अँटिबायोटिकही असते. तिचं काम वेगळं, रिफॅक्सिमिन आहे म्हणून ती आपल्या मनाने सोडू नका. ती मात्र दूध, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या यांच्याबरोबर घेऊ नये, शोषली जात नाही.

डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, ताप किंवा पोटदुखी, हाक मारून नीट जाग न येणं: यातलं काहीही दिसलं तर सरळ हॉस्पिटल. गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात लॅक्ट्युलोज ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. अशा वेळी ते एनिमातून देतात, आणि ते काम हॉस्पिटलचं. पेशंटला कुशीवर झोपवा, गाडी बोलवा, औषधांची पिशवी आणि वही बरोबर घ्या.