पाठीवर सॅक नको, पण सामान हवंच: या चुका टाळा

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पार जातो. पहाटे सायकलने निघालं तरी परतताना सॅकखाली पाठ भिजून चिंब होते आणि खांदे भरून येतात. रामटेकसारख्या पन्नासेक किलोमीटरच्या पल्ल्याला तर सॅक नेऊच नये. सामान सायकलवरच बांधावं, फक्त ते नीट बांधावं.

जास्त घोळ सीटखालच्या बॅगेत होतो. स्पेअर ट्यूब, टायर उचकटायचा लिव्हर, मल्टिटूल (अनेक छोटी अवजारं एकात असलेलं) सगळं एकत्र कोंबलेलं असतं. हादऱ्यांनी मल्टिटूलचा कोपरा ट्यूबवर घासत राहतो आणि पंक्चर झाल्यावर काढलेली कोरी ट्यूब हवाच धरत नाही. ट्यूब जुन्या मोज्यात घाला, व्हॉल्व्हला टोपी लावा, लोखंडी सामान फडक्यात गुंडाळा. तेच फडकं चेनला हात लावल्यावर कामी येतं. अधूनमधून त्या ट्यूबमध्ये हवा भरून पाहा. पंक्चरचं सोल्युशनही तपासा. सोल्युशनची एकदा उघडलेली ट्यूब आपल्या उन्हाळ्यात लवकर वाळते.

बॅग डोलत असेल तर पट्टा सैल आहे किंवा बॅग अर्धी रिकामी आहे. लहान बॅग घ्या आणि ती गच्च भरा. पट्ट्याचं लोंबतं टोक दुमडून ठेवा, ते चाकात जाऊ शकतं.

नवी ट्यूब घातली आणि दोन मिनिटांत पुन्हा बसली? बहुतेक वेळा बाभळीचा काटा टायरमध्येच राहिलेला असतो. टायर आतून बोटांनी जपून चाचपा. मोडलेलं टोक नखाने निघत नाही, म्हणून छोटा चिमटा बॅगेत हवाच. अशा रस्त्यांवर हवा भरायला १६ ग्रॅमच्या गॅस कार्ट्रिजवर विसंबू नका. एक वापरली की संपली. मिनी पंप बाटलीच्या स्टँडशेजारी फ्रेमला पक्का बसतो. तो तुमच्या व्हॉल्व्हला चालतो का, हे मात्र घरीच बघा. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हमध्ये अडॅप्टरशिवाय पेट्रोल पंपावरही हवा भरता येत नाही.

जर्सीच्या पाठीवरच्या मधल्या खिशात पंप किंवा पाना कधीच ठेवू नका. पाठीवर पडलात तर तो थेट मणक्यावर बसतो. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण फार जण तेच करतात. त्या खिशात केळी, रुमाल ठेवा; फोन झिपच्या पिशवीत, नाहीतर घाम आत जातो. पाणी फ्रेमवर, दोन बाटल्या, उन्हाळ्यात त्याहून कमी नाही.

फुटाळा तलावाच्या पुढे जायच्या आधी अंगणात मागचं चाक काढून ट्यूब बदलून बघा, फक्त बॅगेतल्या सामानाने. चाकाला नट असतील तर त्या मापाचा पाना लागतो आणि मल्टिटूलमध्ये तो सहसा नसतो.