गेमसाठी गिफ्ट कार्ड कसं घ्यायचं, कसं टाकायचं: आमच्या बेळगाव-खानापूर भागातल्या आईबापांसाठी आणि पोरांसाठी

दिवाळीत माझ्या भाच्यानं अंगणात किल्ला केला होता, बघायला येणारे पाहुणे, ओवाळणी, मामा-काका असं सगळं धरून त्याच्याकडं सहाशे-साडेसहाशे रुपये जमले. त्यातले थोडे गेममधे घालायचे होते. पण हातात नोटा आणि गेम तर नोटा घेत नाही, मग त्यानं काय केलं तर अक्काच्या फोनवरनं यूपीआय केलं (पिन त्याला तोंडपाठ) आणि तेवढ्या नोटा तिच्या डाळीच्या डब्याखाली नेऊन ठेवल्या. पोरगं प्रामाणिकच आहे. पण एकदा ती वाट सापडल्यावर पुढच्या दीड महिन्यात कधी शंभराच्या आतला पॅक (गेममधल्या नाण्यांचा, वस्तूंचा गठ्ठा), कधी चारशेचा असं करत तीन हजारांवर गेले आणि अक्काला ते गॅसचे पैसे द्यायच्या वेळी कळलं. घरात रडारड झाली. मला वाटतं त्या पोराला पैसे जातायत असं दिसलंच नाही कधी, स्क्रीनवर नुसता आकडा असतो ना.

तेव्हापासून आमच्या घरात नियम एकच, गेममधे पैसा जायचा तर गिफ्ट कार्डानंच. नंतर गल्लीतल्या तीनचार घरांनी विचारलं, प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

गिफ्ट कार्ड म्हणजे काय तर एक कोड, त्याच्या मागं ठरलेली रक्कम असते. 100 चा कोड टाकला की तुमच्या प्ले स्टोअरच्या खात्यात 100 रुपये बॅलन्स जमा होतो आणि गेममधली खरेदी त्यातनं होते. संपलं की संपलं. बँकेचं खातं, एटीएम कार्ड, यूपीआय, यातलं काही त्या फोनला जोडायची गरजच नाही. म्हणजे पोरानं कितीही बटणं दाबली तरी शंभराच्या वर जाऊच शकत नाही, हा सगळ्यात मोठा फायदा.

दुसरा फायदा आमच्या भागातल्यांना लगेच कळेल. कणकुंबी, जांबोटीकडच्या गावात राहणाऱ्यांना विचारा, यूपीआय करताना मधेच रेंज गेली की पैसे कटलेत का नाहीत हेच कळत नाही, गेममधे नुसतं पेंडिंग दिसतं, बँकेचा मेसेज तासाभरानं येतो. सीमेला लागून असल्यामुळं कुणाचं सिम कर्नाटकचं तर कुणाचं महाराष्ट्र-गोवा सर्कलचं, घराच्या एका खोलीत एकाला रेंज, दुसऱ्या खोलीत दुसऱ्याला. कार्डाचं कसं, बेळगावात बाजाराला आलात तेव्हा कोड घेऊन ठेवायचा, घरी गेल्यावर जेव्हा नेट बरं असेल तेव्हा निवांत टाकायचा. खरेदीच्या वेळी बँकेच्या ओटीपीची वाट बघायला नको.

आता घेण्याआधी एक गोष्ट नक्की करा आणि इथंच सगळ्यात जास्त लोक चुकतात. फोनमधे जीमेल कुठलं आहे? आमच्याकडं एकेका फोनवर तीन तीन जीमेल असतात, एक दुकानदारानं फोन घेताना काढून दिलेलं, एक पोरीच्या शाळेच्या ऑनलाइन क्लासचं, एक पोरानं स्वतः काढलेलं. कोड टाकताना प्ले स्टोअरमधे जे जीमेल उघडं असेल त्याच खात्यात पैसे जमा होणार. एकदा जमा झाले की दुसऱ्या जीमेलवर हलवता येत नाहीत, कुणाला पाठवता येत नाहीत आणि रोख पण परत मिळत नाहीत. त्यातनं अजून एक गुंता असा की एकापेक्षा जास्त जीमेल असलेल्या फोनवर साधारण ज्या जीमेलवरनं गेम डाउनलोड झालाय त्याच खात्यातनं गेम पैसे मागतो. म्हणजे बॅलन्स टाकला आईच्या जीमेलवर आणि गेम उतरवलाय पोराच्या जीमेलवरनं, तर खरेदी करताना बॅलन्स दिसणारच नाही आणि घरात सगळे म्हणणार कोड खोटा होता. असं झालं तर गेम काढून बरोबर जीमेलवरनं परत उतरवावा लागतो, पण काढण्याआधी गेमचं लॉगिन कुठल्यातरी खात्याला जोडलंय का ते बघा. गेस्ट म्हणून, म्हणजे लॉगिन न करता, खेळत असाल तर गेम काढल्याबरोबर सगळी लेव्हल, सगळे स्किन (गेममधल्या पात्राचे, हत्यारांचे वेगळे रंगरूप) जाऊ शकतात, आणि पोराला ते पैशापेक्षा जास्त लागतं.

जीमेल ठरलं की गेम उघडून हव्या त्या पॅकची किंमत रुपयात बघा, आणि कार्ड तेवढ्याचं किंवा किंचित जास्तीचं घ्या. समजा पॅक 89 चा आहे तर 100 चं. 80 चं घेतलं तर नऊ रुपयांसाठी अडकून बसाल आणि मग तेवढ्यासाठी यूपीआय जोडलं जाणार, म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं केलं तेच वाया.

घ्यायचं कुठं? फोनपे, गूगल पे, पेटीएम, ॲमेझॉन, यातल्या कशावरही मिळतं. ॲपमधे गूगल प्ले असं शोधा, रिचार्ज कोड किंवा गिफ्ट कार्ड असं येईल, रक्कम टाका, पैसे भरा, कोड स्क्रीनवरच दिसतो. हे काम मोठ्या माणसानं स्वतःच्या फोनवर करायचं आणि कोड फक्त पोराला द्यायचा. ज्यांच्याकडं ऑनलाइन पैसे भरायची सोय नाही ते मोबाइलच्या दुकानात जातात, नोटा देतात आणि दुकानदार त्याच्या ॲपवरनं कोड काढून व्हॉट्सॲपला पाठवतो. चालतं, पण कोड तुमच्यासमोर नवीन काढायला लावा, खरेदीचा स्क्रीनशॉट मागून घ्या आणि दुकानातनं बाहेर पडायच्या आधी तिथंच टाकून बघा. आधीच काढून ठेवलेला कोड घेऊ नका, तो कुणी वापरलाय का नाही हे बघून कळत नाही. काही दुकानात 100 च्या कोडला 110 मागतात, त्यांच्या मेहनतीचे आहेत म्हणून द्यायचे का नाही ते तुम्ही ठरवा, ॲपवर छापील रकमेतच मिळतं एवढं लक्षात असू द्या.

आणि हो, कार्ड राज्याचं नसतं, देशाचं असतं. चंदगडात घ्या, निपाणीत घ्या, नाहीतर पणजीत, रुपयातलं कार्ड सगळीकडं एकच. पण दुबईला असलेल्या भावानं किंवा अमेरिकेतल्या पाहुण्यानं तिथलं कार्ड प्रेमानं पाठवलं तर ते आपल्या भारतातल्या खात्यात चालत नाही. त्यासाठी खात्याचा देश बदलायच्या फंदात पडू नका, तो वर्षातनं एकदाच बदलता येतो आणि मग इथलंच काही चालेना होतं. भावाला सांगा, कार्ड नको, घरी पैसे पाठव, आम्ही इथं घेतो.

कोड टाकायचा असा. प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडं कोपऱ्यात तुमचा गोल फोटो किंवा अक्षर असतं ते दाबा. तिथंच जीमेल दिसतं, परत एकदा वाचा. मग पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स, त्याच्यात रिडीम कोड. कोड बघून टाकण्यापेक्षा कॉपी करून पेस्ट करा, कारण शून्य आणि ओ, एक आणि आय यात हमखास घोळ होतो. मग स्टोअर रक्कम आणि खातं दाखवून खात्री करून घेतं, ते न वाचता पुढं जाऊ नका, चूक सापडायची ही शेवटची जागा आहे. कधीकधी अजून माहिती द्या असा निरोप येतो आणि कोड लागत नाही. घाबरायचं नाही, गूगलचा फॉर्म असतो, त्यात खरेदीची पावती मागतात, म्हणूनच स्क्रीनशॉट ठेवा म्हटलं.

आयफोन असेल तर गूगलचं कार्ड घेऊन उपयोग नाही, ॲपलचं घ्यावं लागतं. ॲप स्टोअरमधे फोटोवर दाबलं की रिडीम गिफ्ट कार्ड ऑर कोड असं येतं, छापील कार्ड असेल तर कॅमेऱ्यानं पण वाचून घेतं. तिथं बॅलन्स आधी वापरला जातो आणि कमी पडला तर खात्याला जोडलेल्या कार्डातनं उरलेले कापले जातात, त्यामुळं पोराच्या आयफोनला दुसरं काही जोडून ठेवू नका.

मग गेममधे जाऊन पॅक निवडायचा. खालनं पैसे भरायची पट्टी वर येते, तिथं घाईनं बाय दाबू नका. वरती कशातनं पैसे जाणार ते लिहिलेलं असतं, तिथं गूगल प्ले बॅलन्स आहे का बघा. जुनं यूपीआय जोडलेलं असेल तर तेच निवडलेलं राहिलेलं असू शकतं, त्याच्यावर दाबून बदला. खरं तर ते जुनं काढूनच टाका, पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्समधे पेमेंट मेथड्स आहे तिथनं जाऊन. अक्काच्या फोनवर मी पहिलं काम ते केलं, दुसरं यूपीआयचा पिन बदलला, तिसरं प्ले स्टोअरच्या सेटिंगमधे प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायला लावला. बोटाचा ठसा नाही, पासवर्ड, कारण त्या फोनवर भाच्याचं पण बोट नोंदवलेलं होतं, कुलूप घालून किल्ली त्याच्याच हातात दिल्यासारखं झालं असतं. दर महिन्याचा पास नावाची वस्तू पण बघून घ्या, त्याला यूपीआय ऑटोपे लावलं तर पुढच्या महिन्यात पिन न विचारता पैसे जातात. कार्डातल्या बॅलन्सवर घेतला असेल आणि खात्याला दुसरं काही जोडलेलं नसेल तर बॅलन्स संपल्यावर थांबतो.

पोरांसाठी दोन गोष्टी. एक, गेमचा रिडीम कोड वेगळा आणि हा कोड वेगळा. गेम कंपन्या सणावाराला जे कोड देतात ते गेमच्या स्वतःच्या रिडीमच्या पानावर टाकायचे असतात, त्यातनं स्किन नाहीतर कपडे मिळतात, पैसे नाही. तो प्ले स्टोअरमधे चालत नाही आणि प्लेचा तिकडं चालत नाही. दुसरी, एकदम हजाराचे यूसी किंवा डायमंड (ही गेममधली नाणी) घेऊन साठवू नका. पब्जी मोबाइलवर 2020 च्या सप्टेंबरमधे बंदी आली, फ्री फायर 2022 च्या फेब्रुवारीत गेला, बीजीएमआय (पब्जीचंच भारतासाठी काढलेलं रूप) 2022 च्या जुलैत स्टोअरवरनं काढला आणि 2023 च्या मे महिन्यात परत आला. गेम गेला की गेममधलं नाणं अडकतं, पण प्ले स्टोअरमधला बॅलन्स तसाच राहतो, दुसऱ्या गेमला, ॲपला वापरता येतो. लागेल तेव्हा लागेल तेवढंच घ्यायचं.

चुकून घेतलं गेलं तर 48 तासांच्या आत गूगल प्लेवर रिफंड मागा. बॅलन्समधनं घेतलेलं असेल तर पैसे बॅलन्समधेच परत येतात, बँकेत नाही. घेतलेलं नाणं गेममधे खर्च करून झालं असेल तर मिळेलच असं नाही, त्यामुळं कळलं की आधी पोराच्या हातातला फोन घ्या, ओरडणं नंतर.

आता फसवणुकीचं. हजाराचं कार्ड सातशेला देतो म्हणणारे टेलिग्रामवर भरपूर आहेत, मी स्वतः एकदा असं घेतलं होतं, कोड आधीच वापरलेला निघाला आणि समोरच्यानं ब्लॉक केलं. फुकट कोड बनवून देणाऱ्या साइट सगळ्या खोट्या, त्यांना तुमचा पासवर्ड पाहिजे असतो. कोडचा फोटो मित्रांच्या ग्रुपवर, स्टेटसला टाकू नका, जो आधी टाकेल त्याचे पैसे. आणि हे मोठ्यांसाठी जास्त आहे, कुणी फोन करून पोलीस बोलतोय, वीजबिल थकलंय, साहेब मीटिंगमधे आहेत, असं काही सांगून गिफ्ट कार्ड घेऊन कोड वाचून दाखवा म्हटलं तर फोन ठेवा. सरकार, पोलीस, बँक कुणीच कार्डात पैसे घेत नाही. गेलेच तर लगेच 1930 ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन लावा, जेवढा उशीर तेवढे पैसे मिळायची आशा कमी.

पैसे लावून पैसे जिंकायचे जे गेम होते, रमी वगैरे, त्यांच्यावर 2025 च्या ऑगस्टमधे केंद्राच्या कायद्यानं बंदी आली आहे. त्यात कार्ड घेऊन पैसे घाला म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्या नादाला लागू नका, हे सगळं लिहिलंय ते साध्या गेममधल्या खरेदीसाठी आहे.

भाच्याला आता महिन्याला शंभराचं एक कार्ड मिळतं, तो नोट आणून माझ्या हातात देतो आणि मी कोड पाठवतो. गेल्या महिन्यात 89 चा पॅक घेऊन 11 रुपये उरले, ते त्यानं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले आणि या वेळी म्हणाला, मामा, अकरा शिल्लक आहेत, ऐंशीचंच काढ, बाकीचे वीस मला परत दे.